सिस्टरांच्या हातातला माइक

मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचा आला आहे आणि बटण सैल झाले आहे. पण मित्रांनो, एके काळी माझ्यातून शब्द निघाला की भरलेले मैदान गप्प व्हायचे.

माझा जन्म कारखान्यातला. मला विकत घेतले ते एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांनी. त्यांच्या पुढारी असलेल्या बाईंना सगळे ‘सिस्टर’च म्हणत. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच परिचारिका असे. म्हणून सिस्टर फाटकासमोर मला हातात धरून उभ्या राहिल्या. आवाज जाडाभरडा, पण थेट काळजाला हात घालणारा. सरकारला शेवटी परिचारिकांची भरती करावी लागली. त्या दिवशी सिस्टरांनी मला रुमालाने पुसले. मला फार बरे वाटले.

मग आमच्या छोट्याशा देशाच्या सर्वोच्च पदाची निवडणूक आली. महिला आघाडीच्या अध्यक्षाबाई, एक वकीलबाई आणि घशाच्या एक नामांकित डॉक्टरबाई सिस्टरांच्या घरी आल्या.

“त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नाही,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. “तुम्ही बसायचं. आम्ही सगळ्या जणी तुमच्या पाठीशी आहोत.”

सिस्टरांची धाकटी बहीण दारातून म्हणाली, “ताईचा घसा कधीचा बसलाय. आधी तो दाखवू द्या.”

“मी घरचीच आहे ना,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी घशात आरसा घालून पाहिले. “काही नाही. बोलून बोलून बसलाय. गोळ्या देते.”

सभांमागून सभा झाल्या. तिघी सिस्टरांच्या दोन्ही बाजूंना बसत, त्यांचा हात धरून उंचावत. कपडे धुणाऱ्या, शिकवणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायका मुलांना कडेवर घेऊन ऐकायला येत. त्यांना फक्त आवाज ऐकू जाई. त्यामागची घरघर मला कळे.

एका सभेआधी मी व्यासपीठामागच्या खोलीत टेबलावर पडून होतो. अध्यक्षाबाईंनी विचारले, “आवाज टिकेल ना मतदानापर्यंत?”

“स्वरतंतूवर गाठ आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आत्ता काढली तर आवाज वाचेल. पण मग कितीतरी दिवस अवाक्षर काढता येणार नाही.”

“आणि नाही काढली तर?”

“जिवाला धोका नाही. आवाज जाईल.”

वकीलबाई हसल्या. “मग तर सोन्याहून पिवळं. निवडून आल्यावर ही बोलत राहिली असती तर आपल्यालाच डोईजड झाली असती.”

मी बंद होतो, मित्रांनो. बंद माइकचे कोण ऐकणार?

शेवटच्या सभेत सिस्टर म्हणाल्या, “मी तुमच्यासाठी...” आणि पुढे नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा तोंड उघडले. काहीच नाही. अध्यक्षाबाईंनी मला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतले आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, “तुमचं प्रेम पाहून आमच्या बहिणीचा कंठ दाटून आलाय.” टाळ्या थांबेनात. सिस्टर प्रचंड मतांनी निवडून आल्या.

बहिणीने त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. गाठ जुनी आहे, आरशातून दिसली असणारच, हे तिला तिथे कळले. ती सिस्टरांना घेऊन डॉक्टरबाईंसमोर येऊन उभी राहिली. “तुम्हाला माहीत होतं.”

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “ताईंनाच विचार की. त्या तक्रार करतायत का?”

सिस्टरांचे ओठ हलले. डॉक्टरबाईंनी कानाशी हात नेला, जरा वाट पाहिली आणि म्हणाल्या, “बघ. नाही करत.”

दुसऱ्या दिवसापासून बहिणीला सिस्टरांच्या नव्या सरकारी वाड्याच्या फाटकातून आत सोडले नाही.

सिस्टरांच्या नावाने पहिली घोषणा अध्यक्षाबाईंनी वाचली: परिचारिकांची भरती बंद. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्या जोरजोराने मान हलवत नाही म्हणत होत्या. वकीलबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत नेले. लिहायला कागद-पेनही त्यांच्या हाती लागू देत नसत. जुन्या मैत्रिणी रस्त्यावर जमल्या आणि ‘विकली गेली’ म्हणून थुंकून गेल्या. सिस्टर खिडकीच्या काचेवर तळहात मारत राहिल्या. एकीनेही वर पाहिले नाही.

मला आता याच वाड्यात काचेच्या कपाटात ठेवले आहे. रोज धूळ पुसतात. तुमच्यासारखी शाळेची मुले रांगेने येतात, तेव्हा अध्यक्षाबाई कौतुकाने सांगतात, “हा आमच्या सिस्टरांचा आवाज.” वरच्या मजल्यावर सिस्टर एकट्या बसून असतात.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझ्यासारख्या वस्तूंना जपणारे पुष्कळ आहेत. पण कुणी तुमच्यासाठी ओरडून ओरडून दमले असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी जवळ जाऊन एवढे विचारा, “दुखतंय का?” आणि विचाराल ते वेळेवर विचारा.