द्वारकाबाईंचा रोजा

द्वारकाबाईंना प्रश्न फार पडायचे. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर घरात सून तनुजा तेवढी उरली, आणि तीही सकाळीच कंपनीच्या बसनं जायची. मग बाई भिंतीपलीकडच्या गौहरचं डोकं खायच्या. गौहर ब्लाउज शिवता शिवता उत्तरं द्यायची.

रमजान लागला तसे प्रश्न वाढले.

"दिवसभर पाणी बी नाय?"

"नाय मावशी."

"आन् कुणी चोरून प्यालं तर तुमच्या देवाला कळतं कसं?"

गौहरनं दातानं दोरा तोडला. "एक रोजा ठेवून बघा. समजंल."

"त्यात काय! सोळा सोमवार दोनदा केलेत मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे गौहरकडं दही-भाकरी खाऊन, अजानच्या आधी तांब्याभर पाणी रिचवून बाई घरी आल्या. अकरापर्यंत सगळं झकास चाललं. मग शेंगदाणे पाखडताना हात सवयीनं तोंडाकडं गेला. मूठभर गिळून झाल्यावर बाईंच्या ध्यानात आलं. तशाच त्या भिंतीपाशी पळाल्या.

"गौहर, बुडालं गं सगळं! दाणे खाल्ले!"

"याद होतं का रोजा आहे म्हणून?"

"नाय ना!"

"मग नाय तुटला. भुलून खाल्लं, तर ते अल्लानंच खिलवलं समजायचं."

पस्तीस वर्षं पोरांच्या खोड्या पकडलेल्या बाईंना ही पळवाट लगेच दिसली.

घरी येऊन त्यांनी टरबुजाची गारेगार फोड ताटलीत काढली आणि तिच्यासमोर बसून रोजा विसरायला सुरुवात केली. पाढे म्हटले. माहेरच्या म्हशींची नावं आठवली. पण पाचव्या म्हशीपर्यंत आलं, की रोजा त्यांच्याआधी हजर! जन्मात कुठली गोष्ट इतकी पक्की ध्यानात राहिली नव्हती.

तीन वाजता जीभ टाळूला चिकटली. बाईंनी दार लावलं, खिडकी लावली. माठातलं पाणी पेल्यात घेतलं. देवघराकडं नजर गेली, तशी उठून तिथलाही पडदा ओढला. पेला ओठांशी नेला आणि थबकल्या.

आपल्या देवावर पडदा ओढला, ठीक. पण हा रोजा ज्याच्या नावानं धरलाय, त्याची तर तसबीरच नाही. त्याच्यावर पडदा टाकायचा कुठं?

दार लावून घेतलेल्या त्या घरात बाईंना एकाएकी फार उघड्यावर आल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं हसूही आलं. पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

संध्याकाळी रोजा सोडायला गौहरनं अंथरलेल्या दस्तरखानावर बसून खजूर तोंडात टाकून बाईंनी पहिला घोट घेतला. गार पाणी छातीतून पोटात उतरताना कळत होतं. डोळे पुसून त्यांनी दुपारची हकिकत सांगितली, पडद्यासकट.

गौहर हसता हसता कलंडली. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी नऊ वर्षांची होते. पहिला रोजा, हार घातलेले, सगळे कवतिक करत होते. अन् नमाजाआधी हात-तोंड धुतात ना, ते वजू करताना चुळीचं पाणी मी गटागटा गिळलं. अजून कुणाला सांगितलं नाय."

दोघी एकमेकींना टाळी देत असतानाच गौहरचा नवरा शफी मशिदीतून आला. "काय चाललंय?"

बाईंनी पदर सावरला. "काय नाय भाऊ. धर्माचं बोलत होतो."