कोपऱ्यातला घास

माझ्या वहिनीच्या हाताला चव आहे, असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. चव पुष्कळ जणींच्या हाताला असते, आणि नसली तर मीठ-मसाल्यानं आणता येते. वहिनीच्या हाताला जे आहे ते निराळं आहे, आणि ते नीट सांगायचं तर आधी तिचा सोमवारचा पास्ता सांगायला हवा.

रविवारी दादा कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडून अख्खी भाजलेली कोंबडी आणतो. खाणारी माणसं तीन: तो, वहिनी आणि मी. मी त्याची धाकटी बहीण; शेजारच्या गल्लीत मुलांचे कपडे शिवण्याचं दुकान चालवते, एकटी राहते, आणि जेवायच्या वेळी मात्र न चुकता भावाच्या दारात हजर असते. ती कोंबडी रविवारी कधीच संपत नाही. संपू नये अशी वहिनीची व्यवस्था असते. दादानं आणखी एका तुकड्याला हात घातला की ती भांडं अलगद आपल्याकडे ओढते आणि त्याच्या पुढ्यात सॅलड सरकवते, आणि दादा बिचारा काकडी खात बसतो.

सोमवारी माझं दुकान बंद असतं आणि वहिनीची औषधांच्या दुकानातली पाळी दुपारी संपते. मग ती ओट्याशी उभी राहते आणि मी स्टुलावर बसून बघते. बघण्यासारखंच असतं ते. उरलेल्या कोंबडीचं मांस ती सुरीनं कापत नाही, बोटांनी रेषेरेषेनं सोडवते. मग हाडं कांद्याच्या फोडीबरोबर मंद आचेवर उकळत ठेवते आणि त्याच पाण्यात पास्ता शिजवते, दाताखाली जराशी कणी लागेल इतपतच. लोण्यावर मैदा परतताना त्याचा रंग बदलू देत नाही, दूध घालताना हात थांबू देत नाही. गुठळी म्हणून कशी ती मी त्या पातेल्यात आजवर पाहिलेली नाही. एक थर पास्त्याचा, एक कोंबडीचा, वरून सॉस, किसलेलं चीज, सगळ्यांत वर शिळ्या पावाचा चुरा, आणि काचेचं भांडं ओव्हनमध्ये. इतकी वर्षं हे पाहूनही मला ते जमत नाही. माझा पास्ता खळीसारखा होतो.

"एकदा ताज्या कोंबडीचा कर की," मी तिला म्हटलं होतं.

"ताजं पाहुण्यांना," वहिनी म्हणाली. "उरलेलं घरच्यांना."

घरच्यांना म्हणजे कोणाला, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दादा-वहिनीला एक मुलगा होता. आम्ही त्याला टिल्लू म्हणायचो. पुरता तीन वर्षांचाही झाला नाही. जेवणाच्या बाबतीत असा हट्टी की त्याला ताटावर बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. वरण-भाताला तोंड मिटायचा, दुधाला पाठ फिरवायचा. सोमवारचा हा पास्ता मात्र खायचा, तोही भांड्याच्या एका कोपऱ्यातलाच, जिथे चीज काचेला चिकटून कुरकुरीत होतं. मग ताप आला. त्या तापात त्यानं शेवटपर्यंत काही म्हणून तोंडात घेतलं नाही. लोक भेटायला आले, समजुतीचं बोलले, वहिनीनं सगळ्यांना चहा विचारला, आणि सगळे गेल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकच वाक्य बोलली, "उपाशी गेला गं."

हे वाक्य तिनं पुन्हा कधी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही नव्हती. ते त्या घरात आमच्याबरोबर राहायला आलं होतं.

बऱ्याच काळानं तिनं पुन्हा सोमवारचा पास्ता केला. भांडं ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवलं, आणि एका कोपऱ्यात मला छोटासा खळगा दिसला, चहाचा चमचा बुडेल एवढा. मला वाटलं, वाफेनं बुडबुडा आला असेल आणि फुटला असेल. पण त्या खळग्याच्या कडा आतूनही सोनेरी भाजलेल्या होत्या, म्हणजे घास आधी गेला होता आणि भाजणं नंतर झालं होतं. वहिनीनं समोरच्या कोपऱ्यातून आम्हाला वाढलं.  त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिनं स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि दादा तिच्याकडे बघतच राहिला.

पुढल्या सोमवारी खळगा होता. त्याच्या पुढल्याही. मी शिवणारी बाई. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माप मान्य करत नाही. आधी मला वहिनीचीच शंका आली. दुःखानं माणूस काय काय करतं, आणि केलेलं स्वतःलाही कळू देत नाही. म्हणून एका सोमवारी मी तिला भाजी आणायला पिटाळलं, वरचा चुरा स्वतःच्या हातानं सारखा केला, भांडं स्वतः आत ठेवलं आणि ओव्हनच्या काचेसमोर बैठक मारली. काचेतून मला सगळं दिसत होतं. चीज वितळलं, फुगलं, सोनेरी झालं, एकसारखं, सपाट. मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही असं म्हणणार नाही, पण हलले नाही. दार उघडून भांडं बाहेर ओढलं आणि कोपऱ्यात खळगा होता.

त्यानंतर मी तपास सोडला. भ्याले म्हणावं, तर तसंही नाही. वहिनी भाजी घेऊन आली, तिनं आधी भांड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मोडायची माझी छाती झाली नाही. कुठल्याही आईच्या चेहऱ्यावर असतं तेच होतं ते. पोर जेवलं की असतं ते.

वर्षं गेली तसा खळगा वाढत गेला. हे आधी माझ्या लक्षात आलं, कारण माझा धंदाच तो. वाढत्या अंगाचे कपडे शिवताना शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवावी लागते, आणि मूल कोणत्या वर्षी रुंदीनं भरतं, कोणत्या वर्षी बांबूसारखं वर जातं, हे मला झोपेतही सांगता येईल. तो कोपरा तसाच वाढत होता. आधी चमचा, मग वाटी, मग काही काळ तेवढाच. आणि माझ्या गिऱ्हाइकांतली त्याच्या वयाची पोरं जेव्हा आवाज फुटून घरभर खायला शोधत फिरू लागली, तेव्हा एका सोमवारी भांडं बाहेर आलं ते जवळजवळ अर्धं रिकामं. वहिनी हसली. ओठ मिटून, खांदे हलवत हसली. "काय हा घोडा!" एवढंच म्हणाली.

दादानं या सगळ्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. तो पुलांचे आराखडे काढणारा माणूस. जे मोजता येत नाही त्याच्याशी भांडण काढत नाही. पण त्या आठवड्यात तो बाजारातून मोठं भांडं घेऊन आला आणि ओट्यावर ठेवत म्हणाला, "आपल्याला पुरत नाहीये हल्ली." मला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की मी उगाच त्याच्या शर्टाच्या बटणाला नावं ठेवली.

वहिनीचं तर काय सांगू? तिनं कधी कोणाला बोलावून तो कोपरा दाखवला नाही, त्याचा देव केला नाही, त्याच्यापुढे रडली नाही. कामावर गेली, आजाऱ्यांच्या औषधांच्या वेळा समजावून सांगितल्या, दादाचा रक्तदाब सांभाळला, माझ्या तोंडाळपणाला हसली, आणि सोमवारी पास्ता केला. एखादे वेळी कोपरा तसाच राही. मग मी अस्वस्थ व्हायचे आणि ती म्हणायची, "असेल कुठे मित्रांबरोबर." तिच्या या निश्चिंतपणाचा मला हेवा वाटायचा. जिवंत पोरांच्या आयांनाही तो साधत नाही.

मग, त्याच्या वयाची माझी गिऱ्हाइकं आपल्या पोरांचे कपडे शिवायला येऊ लागली त्या सुमारास, दादाचे गुडघे गेले. घर वरच्या मजल्यावर, जिने उभे, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि दादानं गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरचं घर पाहिलं. अंगण होतं, उजेड होता, नवा ओव्हन भिंतीतच बसवलेला होता. वहिनी घर बघायला आली, खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिले आणि होकार दिला. परतताना ती माझ्या शेजारी चालत होती.

"घर चांगलं आहे," मी म्हटलं.

"चांगलंच आहे," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "पण त्याला पत्ता कोण सांगणार?"



नव्या घरातला पहिला पास्ता मी विसरणार नाही. भांडं बाहेर आलं, चारी कोपरे भरलेले, वरचा चुरा एकसारखा, नव्या कापडासारखा. वहिनीनं ते टेबलावर ठेवलं आणि ती बघत उभी राहिली. मग तिनं आम्हाला वाढलं. दादा म्हणाला, फार छान झालाय. खरंच झाला होता. पुढल्या सोमवारीही भांडं भरलेलंच आलं, आणि त्याच्या पुढल्या सोमवारीही. मित्रांबरोबर असेल, असं ती आता म्हणत नव्हती.

मग तिनं सोमवारचा पास्ता बंद केला. उरलेली कोंबडी दादा सकाळी पावाबरोबर संपवू लागला. वहिनी कामावर जायची, पण तिच्या ताटातलं अन्न इकडून तिकडे नुसतं फिरायचं. गाल बसले. एकदा हात धुता धुता माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आता पुन्हा उपाशी."  तिचं ते जुनं वाक्य मिटलं, असं मी समजत होते.

म्हणून मी ठरवलं. चोरी तर चोरी, पण चांगल्या कामासाठी. एका सोमवारी ती डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत पडली होती. दादाला आदल्या दिवशीच बजावून वाचवलेली कोंबडी मी फ्रिजमधून काढली आणि तिच्यासारखी बोटांनी सोडवली. हाडं उकळली, सॉस ढवळला, गुठळ्या झाल्या, त्या चमच्यानं दाबून मोडल्या, वरून मिरपूड भुरभुरली. भांडं आत ठेवलं. बेत सोपा होता: अर्धं भाजून झालं की एका कोपऱ्यातला घसघशीत घास काढायचा, गपकन खाऊन टाकायचा, भांडं पुन्हा आत सारायचं म्हणजे कडा भाजल्या जातील, आणि मग वहिनीला हाक मारायची. मापाचा तर प्रश्नच नव्हता. तरण्याताठ्या माणसाचा घास केवढा असतो ते मला पाठ होतं.

एका हातात मोठा चमचा घेऊन मी ओव्हनचं दार उघडलं.

कोपरा रिकामा होता. मी ठरवलं होतं तेवढाच, कदाचित थोडा जास्त. कडा सोनेरी, कुरकुरीत. माझा चमचा कोरडाच होता. किती वेळ तशी वाकून उभी राहिले कोण जाणे. तोंडावर धग लागत होती, आणि डोळ्यांतून पाणी का येतंय हे धगीवर ढकलता येत होतं. मग मी भांडं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि हाक मारली, "वहिनी, ये लवकर."

ती आली. केस विस्कटलेले, पदर कसातरी खोचलेला. तिनं भांड्याकडे पाहिलं आणि ओट्याची कड धरली. दादाही काठी टेकत दारात येऊन उभा राहिला.  वहिनी खाली वाकली, आणखी वाकली, आणि तिचं बोट त्या मोठ्या खळग्यावरून पुढे सरकून शेजारी थांबलं.

तिथे दुसरा एक खळगा होता. इवलासा. वरचं चीज तेवढं खरवडलेलं होतं, आणि आतला कोंबडीचा एक धागा नको म्हणून बाजूला काढून भांड्याच्या काठावर ठेवलेला होता. तो ओला होता.

दादानं दाराची चौकट घट्ट धरली. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं तो धागा दोन बोटांनी उचलला, पदराला पुसला नाही, टाकला नाही, मुठीत धरला, आणि माझ्यावर रागावल्यासारखी म्हणाली,

"मिरपूड केवढी घातलीस गं! एवढ्याशा जिभेला झोंबली असेल."