शेठच्या कल्ल्याखालची काच

चिखलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत अश्वजितचं सलून होतं आणि त्या सलूनात शेठ राहायचे. शेठ म्हणजे मासा. अरोवाना जातीचा, हातभर लांब, चांदीच्या पत्र्यासारखा लखलखीत, हनुवटीला दोन मिश्या. काचेच्या भल्यामोठ्या टाकीत तो असा सावकाश फिरायचा, की जणू बाजारात नुसते भाव विचारत हिंडतोय, घ्यायचं काहीच नाही. गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव शेठ पाडलं. पण पाण्यावर किडा पडू द्या, की शेठचा तोरा संपला. पापणी लवायच्या आत जबडा उघडायचा आणि किडा गडप.

मासा आणला होता अश्वजितने दुकानाच्या शोभेसाठी, पण त्याचा खरा लळा लागला तो वडिलांना. शंकरराव एसटीत ड्रायव्हर होते. ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी अश्वजितची आई गेली. तेव्हापासून माणूस बोलेनासाच झाला. सकाळी खाटेवर बसायचे ते संध्याकाळी तिथेच. एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून ते मासा बघायला दुकानात आले आणि आल्या आल्या खवळले, "माशाले एवढी खोली देल्ली बे? घरी पाव्हणा आला तं त्याले झोपाले जागा नाही!" बोलता बोलता टाकीसमोर बसले, ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी डबीत नाकतोडे घेऊन हजर. "फवारलेल्या वावरातले नाही आणले. मले समजते तेवढं." मग ते रोजच येऊ लागले. गिऱ्हाइकांशी बोलू लागले, हसू लागले. अश्वजितला एवढंच पुष्कळ होतं.

लग्नसराईतली ती दुपार. शंकरराव बहिणीकडे उंद्रीला गेले होते. अश्वजित गोविंदाची दाढी करत होता. हा गोविंदा कापसाच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर असायचा, जुना दोस्त. अर्धी दाढी झाली आणि गल्लीत वरात शिरली. पुढे डीजे. पहिल्याच ठोक्याला आरसे थरथरले. दुसऱ्याला टाकीतलं पाणी शहारलं.

"शटर लाव बे," गोविंदा म्हणाला.

अश्वजित शटरपर्यंत पोचलाच नाही. तेवढ्यात दारातच फटाक्यांची माळ सुटली आणि शेठने उसळी घेतली. टाकीवरचं झाकण फुटून धाडकन उडालं, मासा वर कशाला तरी आपटून परत पाण्यात आडवा पडला आणि पडताना थंडीसाठी लावलेल्या हीटरच्या काचेच्या नळीवर आदळला. नळी फुटली. पाण्यात लाल धूर पसरावा तसं रक्त पसरलं.

अश्वजितने हात घातलाच होता पाण्यात, पण गोविंदाने मागून कॉलर धरून खेचलं.

"लाईट बंद कर आधी! करंट असंल पाण्यात, मरशीन!"

मेन स्विच पाडला. वरात पुढे गेली. शेठ टाकीच्या कोपऱ्यात कलला होता. एक मिशी तुटलेली, अंगावरचे चार-सहा खवले उचकटलेले, आणि कल्ल्याच्या झाकणाखाली, जिथून मासा श्वास घेतो तिथे, काहीतरी चकाकत होतं. काच. झाकण हलायचं तसा तिथून लाल धागा निघायचा.

"बाबाले काय सांगू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"बाबाचं मंग पाहू. डाक्टरले फोन लाव."

माशाचा डॉक्टर चिखलीत कुठला? पण गुरांच्या डॉक्टर सुचिता मॅडम होत्या. अश्वजितच्या चुलतभावाचा आजारी पडलेला बैल त्यांनीच उठवला होता. त्याने फोन केला, अडखळत सगळं सांगितलं.

"अश्वजित, मी खरं सांगते," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजात माशांचा एक विषय होता, पास झाले. पण हातात मासा धरून इलाज असा कधी केलेला नाही."

"मॅडम, दुसरं कोणी नाही हो इथं."

"येते. माझी मैत्रीण मत्स्य कॉलेजात शिकवते, तिला फोनवर घेते. तोपर्यंत टाकीतलंच पाणी एखाद्या ड्रममध्ये काढ. नळाचं नको, त्यातल्या औषधाने तो आणखी भाजेल. माशाला कोरडा हात लावू नको, ओल्या टॉवेलात घे. आणि मेडिकलमधून लवंगेचं तेल आणून ठेव."

अश्वजितने स्विचबोर्डातून हीटरची पिन उपटली, बाकीची लाईट चालू केली. दोघांनी निळा ड्रम पुसून टाकीतल्या पाण्याने भरला, हवेचा पंप त्यात सोडला. पाणी गार पडू नये म्हणून सलूनचे सगळे टॉवेल भोवती गुंडाळले. शेठला उचलताना अश्वजितला वाटलं होतं, झटापट होईल. मासा हातात नुसता पडून राहिला. त्याची जास्त भीती वाटली.

मॅडम स्कूटीवरून आल्या, पिशवी खाली ठेवली आणि आधी नुसतं पाहिलं. फोन स्पीकरवर ठेवला. मैत्रिणीचा आवाज स्वच्छ येत होता. कोमट पाण्याच्या बाटलीत लवंगेचं तेल घालून खूप हलवायचं, मग टबात थोडं थोडं ओतायचं. मासा गुंगेल. कल्ल्याची हालचाल मंद होईल, पण थांबता कामा नये.

"अन् थांबला तर?" अश्वजितने विचारलं.

"तर लगेच साध्या पाण्यात न्यायचा," फोनमधून उत्तर आलं. "म्हणून जे काही करायचं ते चटकन करा."

केस धुवायच्या टबात शेठला ठेवलं. तेलाचं पाणी पडत गेलं आणि सगळ्या सलूनात लवंगेचा वास भरला, मसालेभात शिजतोय असा. शेठची शेपटी थांबली. अंग कलंडलं. मॅडमनी त्याला ओल्या टॉवेलावर घेतलं.

"तू डोकं धर. डोळ्यावर ओलं फडकं टाक. आणि तुझा तो पाणी उडवायचा फवारा आहे ना, तो नवा आहे का?"

"हाव मॅडम, पॅकबंद आहे एक."

"टाकीचं पाणी भर त्यात. कल्ला ओला ठेवत राहा."

गोविंदाने मोबाईलची बॅटरी धरली. त्याच्या एका गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता, पण ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. मॅडमनी चिमट्याने कल्ल्याचं झाकण अलगद उचललं. आत लालभडक पिसांसारखे पदर, आणि त्यांच्या अगदी कडेला रुतलेली काच. त्यांचा हात एकदा पुढे गेला आणि मागे आला. कपाळावर घाम.

"ओढू का गं?" त्यांनी फोनला विचारलं.

"पदरात गेलीय की झाकणाच्या मांसात?"

मॅडम आणखी वाकल्या. "मांसात. पदर वाचलाय."

"मग ओढ. सरळ ओढ, फिरवू नकोस."

काच निघाली. नखाएवढीच होती, पण टोक सुईसारखं. रक्त आलं आणि कापसाखाली थांबलं. लोंबणारे खवले त्यांनी कात्रीने काढले, जखमांवर औषध टेकवलं, कल्ल्यात थेंबही जाऊ दिला नाही. "झालं. ड्रममध्ये."

ड्रममध्ये सोडला तर शेठ पोट वर करून उलटा झाला. कल्ला हलेना.

अश्वजितने कोपरापर्यंत दोन्ही हात पाण्यात घातले. मॅडमनी सांगितलं तसं, त्याला सरळ धरून पंपाच्या बुडबुड्यांकडे तोंड करून हळूहळू पुढे ढकलायचं, म्हणजे तोंडातून पाणी कल्ल्यात जाईल. तो ढकलत राहिला, ड्रमात गोल गोल. काही होईना. आणि त्याच वेळी दारातून आवाज आला.

"काय झालं बे?"

शंकरराव उभे होते. उंद्रीची जीप लवकर मिळाली होती. त्यांनी फुटलेलं झाकण पाहिलं, रक्ताळलेला टॉवेल पाहिला. अश्वजितला वाटलं, आता हे आई गेल्यावर बसले तसे खाटेवर बसणार आणि पुन्हा उठणार नाहीत.

शंकररावांनी चप्पल काढली, बाह्या वर केल्या. "हो बाजूले. मी धरतो त्याले."

"बाबा, तुम्ही..."

"रात्रंदिवस स्टिअरिंग धरलं म्या. धरता येते मले."

त्यांनी मासा धरला आणि फिरवायला लागले, एकसारखं, घाई नाही की धक्का नाही. ओठांत पुटपुटत होते, "चाल. चाल ना शेठ. चाल बाप्पा." मॅडम ड्रमावर वाकून पाहत होत्या. गोविंदा दुकानाबाहेर जाऊन परत आला. अश्वजितला वडिलांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या आणि त्याहून पुढे पाहायचं धाडस होत नव्हतं.

"हालला," शंकरराव म्हणाले.

"पाणी हाललं असंल, बाबा."

"अबे कल्ला हालला. मी धरलं ना त्याले!"

आणि खरंच हलला. एकदा. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा, आणि मग लागोपाठ. शेपटीने पाण्यावर एक फटकारा मारला, तो थेट मॅडमच्या चष्म्यावर. चष्मा पुसायचं सोडून त्या हसायलाच लागल्या. फोनमधून मैत्रीण विचारत होती, "काय झालं? अगं, काय झालं?" कोणी उत्तरच देईना. गोविंदाने अश्वजितच्या पाठीत अशी थाप मारली की त्याला ठसका लागला. त्या ठसक्यात डोळ्यांतलं पाणी लपून गेलं, हे बरंच झालं.

गोविंदाने टाकीचा तळ नळीने ओढून काचेचा कण अन् कण काढला. मग शेठला परत टाकीत सोडलं. पाण्यात जाडं मीठ, टाकीवर चादर, खायला काही नाही. "आता अंधार, स्वच्छ पाणी आणि शांतता," मॅडम म्हणाल्या. "जखमेला कापसासारखं पांढरं धरलं तर लगेच फोन कर." जाताना त्यांनी गोविंदाकडे पाहिलं. "आणि याची दाढी पूर्ण कर."

पुढचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. शेठ तळाशी पडून राहायचा. शंकरराव सकाळी चादरीचं टोक उचलून पाहायचे, टाकायचे, आणि दिवसभर तिथेच खुर्चीवर बसायचे. पण बोलत होते. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, "हळू बोल बे, पेशंट आहे," म्हणून दटावत होते. पाणी बदलायचा दिवस आला की आदल्या रात्रीच पिंपात पाणी भरून ठेवायचे, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून. अश्वजितने टाकी दारापासून हलवून मागच्या भिंतीला नेली, जाड झाकण बसवलं, नव्या हीटरभोवती जाळीचं नळकांडं घातलं. जखम आधी पांढुरकी झाली, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. फोटो पाहून मॅडमनी सांगितलं, घाबरू नका, नवी कातडी येतेय. मग ती गुलाबी झाली.

एका रविवारी दुकानात बसायला जागा नव्हती. अश्वजितच्या हातात वस्तरा आणि समोर एकाचा गळा. मागून शंकररावांचा आवाज आला, "अश्वजित!" आवाज असा, की त्याने वस्तरा आधी खाली ठेवला आणि मग वळला.

शेठ वर आला होता. त्याने पाण्यावरचा कोळंबीचा तुकडा हुंगल्यासारखा केला, सोडला, एक फेरी मारली, परत आला आणि खळकन गिळला. शंकररावांनी दुसरा टाकला, तोही गेला. तिसऱ्याला अश्वजितने त्यांचा हात धरला.

"पुरे बाबा. मॅडमनं सांगतलं, पहिल्या दिवशी थोडंच."

"हाव, हाव." शंकरराव खुर्चीत टेकले. हाताला लागलेली कोळंबी टॉवेलाला पुसली. मग म्हणाले, "मले भूक लागली बे."

अश्वजितने त्यांच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून बाबांनी आपण होऊन जेवायला मागितलं असं त्याला आठवेना.

"काय खासान?"

"कचोरी. त्या कोपऱ्यावरच्याची. अन् दोन घे, एकीनं काय होते?"

"दुकान?"

शंकररावांनी रांगेत बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "बसतीन थोडा वेळ. कोणाची वरात थोडीच जाऊन राह्यली आज."

आणि गळ्याभोवती कापड बांधलेल्या गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडून बापलेक कचोरी खायला निघून गेले.