गुरुपादप्पाचं सपाट चालणं

औशाच्या मोंढ्यात गुरुपादप्पा हमालाला ओळखत नाही असा माणूस म्हणजे एक तर परगावचा, नाहीतर कालच कामावर लागलेला. तेवीस वर्षं झाली, तो काट्यावरून पोतं उचलतो, डोक्यावर घेतो आणि गोदामात थप्पीला लावतो. सोयाबीन, तूर, हरभरा, मोसमात येईल ते. पण त्याचं नाव झालं ते ताकदीमुळे नाही. ताकदीचे गडी मोंढ्यात पैशाला पासरी आहेत. नाव झालं ते चालण्यामुळे.

त्याच्या टोळीचा एक नेम होता, जुने हमाल जलीलचाचा यांनी घालून दिलेला. नव्या गड्याच्या डोक्यावर पोतं द्यायचं आणि पोत्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा. काट्यापासून गोदामापर्यंत थेंबही न सांडता गेला, तर तो हमाल. सांडला, तर सगळ्या टोळीला चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. "पोता नाचा तो घुटना गया," असं जलीलचाचा म्हणायचे. पोतं डोक्यावर खाली-वर होत राहिलं की दहा वर्षांत गुडघे कामातून जातात, हे त्यांनी काही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. भल्याभल्यांना पास व्हायला महिना लागायचा. गुरुपादप्पा चौथ्या दिवशी पास झाला आणि त्यानंतर त्याचा तांब्या सांडलेला कुणी पाहिला नाही.

आणि अशा माणसाच्या घरात, रविवारी संध्याकाळी, सातवीचा विज्ञानाचा पेपर आला.

पेपर त्याच्या लेकीचा, तनुजाचा. पालकाची सही हवी होती. गुरुपादप्पाला वाचता येत होतं, फक्त घाई केलेली चालत नसे. त्यानं पेपर मांडीवर घेतला आणि एकेक बरोबरची खूण बोटानं मोजत खाली आला. नवव्या प्रश्नाशी बोट अडलं. तिथं लाल फुली होती.

प्रश्न असा होता: एका हमालाने डोक्यावर पन्नास किलोचे पोते घेऊन सपाट रस्त्यावर शंभर मीटर अंतर पार केले. चालताना त्याने गुरुत्वबलाविरुद्ध किती कार्य केले?

खाली तनुजानं लिहिलं होतं, "खूप. मी रोज बघते."

त्याच्या शेजारी मॅडमनी लाल शाईत बरोबर उत्तर लिहिलं होतं. शून्य.

गुरुपादप्पानं ते तीनदा वाचलं. मग बायकोला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. "आन् मी दोन-दोन घागरी आणते ते?" तिनं विचारलं.

"ते बी शून्यच, आई," तनुजा म्हणाली. "बल वरच्या दिशेला लावायचं आन् जायचं आडवं. मग कार्य होत न्हाई."

"हे शोधणाऱ्याची आन् तुझ्या आजीची ओळख असणार," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

गुरुपादप्पाला हसू आलं नाही. "म्हणजे तुला उत्तर येत होतं?"

"हाव."

"मग लिहिलं का न्हाईस?"

तनुजा पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत राहिली. "मॅडमनी वर्गात दोनदा सांगितलंय. पण हमाल म्हणलं की तुमीच दिसता, आप्पा. तुमच्यापुढं शून्य लिहायला हातच होईना."

आता यात गोम अशी होती की हे नुसते दोन गुण नव्हते. लातूरला जिल्ह्याची विज्ञान प्रश्नमंजूषा होती आणि वर्गातून एकच जण जायचा होता, सगळ्यात जास्त गुणांचा. तनुजाला वीसपैकी सतरा होते आणि वर्गातल्या अबुजरला अठरा. गेले तीन आठवडे तनुजा भाकरीच्या डब्याचं झाकण पुढ्यात घेऊन त्याच्यावर हात आपटायची. प्रश्नमंजूषेत उत्तर द्यायच्या आधी बटण दाबावं लागतं म्हणे, त्याचा सराव. त्या ठणठणाटानं शेजारची म्हैस दूध चोरायला लागली होती. पण त्या रविवारी झाकण डब्यावर होतं आणि घरात शांतता होती. ती शांतता गुरुपादप्पाला सोसेना.

सोमवारी सकाळी त्यानं मोंढ्यात ही हकीकत सांगितली. सांगायला नको होती. मुकादम भागवतनं ती पुरती ऐकून घेतली, मुंडासं काढलं आणि तो पोत्यावर ऐसपैस बसला. "चाललं तरी शून्य आन् बसलं तरी शून्य, तर मग बसलेलं काय वाईट?" तो म्हणाला. हे सगळ्या टोळीला पटलं. दहा मिनिटांत चौदा हमाल चौदा पोत्यांवर बसले. आडते हणमंतराव ओरडत आले, तर भागवतनं त्यांना कार्य, बल आणि विस्थापन समजावून सांगितलं, जसं आलं तसं. हणमंतरावांची मती गुंग झाली. "कुठल्या शाळेनं शिकवलं हे?" ते एवढंच विचारू शकले.

"मी जाऊन येतो शाळेत," गुरुपादप्पा म्हणाला. टोळीला वाटलं, गडी आपल्या इज्जतीसाठी भांडायला निघाला. त्याला फक्त दोन गुण आणायचे होते.

बिलकीस मॅडम चणीनं लहान, पण हेडमास्तरसुद्धा त्यांच्याशी बोलताना सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. त्यांनी गुरुपादप्पाला खुर्ची दिली, त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि फळ्यावर हमाल काढला. डोक्यावर चौकोन, चौकोनाला वर जाणारा एक बाण, पायाशी पुढं जाणारा दुसरा बाण.

"तुम्ही जमिनीवरून पोतं डोक्यावर घेता, तेव्हा कार्य करता. भरपूर करता," त्या म्हणाल्या. "तुम्ही दमता, घाम गाळता, तेही खरं. तुमच्या अंगातली ऊर्जा खर्च होतेच. पण सपाट चालताना पोतं जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असतं, तेवढ्याच उंचीवर राहतं. ते वर चढत नाही. म्हणून गुरुत्वबलाविरुद्ध कार्य शून्य. यात तुमचा अपमान नाही, भाऊ."

गुरुपादप्पा बाणांकडे बघत बसला. गुण मागायला आलेला माणूस, पण बाईंचं म्हणणं डोक्यात शिरत होतं, ही पंचाईत.

"माझी पोरगी लातूरला जायला पाहिजे मॅडम," तो शेवटी म्हणाला. "दुसरं काय न्हाई बघा."

मॅडमनाही ते हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण फुकटचे गुण देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. खडू बोटात फिरवत त्या फळ्यावरच्या हमालाकडे बघत राहिल्या. मग एकदम वळल्या.

"एक सांगा. चालताना पोतं दर पावलाला थोडं खाली-वर होतच असेल ना? तसं असेल, तर दर पावलाला ते पुन्हा वर उचलावं लागतं. मग कार्य शून्य नाही. शंभर मीटरचं मिळून खूपच होईल. मग माझाच प्रश्न चुकला. शून्य लिहिणाऱ्यांचे गुण मी कापणार नाही, पण तनुजाला दोन द्यावे लागतील. होतं ना खाली-वर?"

झालं होतं काम! गुरुपादप्पानं मान हलवायची, की पोरगी लातूरला. एवढी सोपी गोष्ट. पण त्याच्या तोंडून निघालं, "कुणाचं? माझं पोतं?"

"हो."

"माझं पोतं खाली-वर होतं? मॅडम, मोंढ्यात जाऊन विचारा कुणालाबी." आणि त्यानं जलीलचाचांचा तांब्या, चौथा दिवस आणि तेवीस वर्षं, सगळं एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर आपण काय करून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं. तो कसनुसा झाला. "म्हणजे… होत असंल थोडं. आता वय झालं."

मॅडमचे डोळे चमकायला लागले होते. विज्ञानाच्या मास्तरणीपुढं तांब्याचं नाव काढणं म्हणजे आपण होऊन सापळ्यात पाय देणं. "मग करूनच बघू," त्या म्हणाल्या. "सांडला तर तनुजा बरोबर. नाही सांडला तर पुस्तक बरोबर."

शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं होतं, बरोबर पन्नास किलोचं. खिचडी शिजवणाऱ्या विठाबाईनं आधी साफ नकार दिला. तांदूळ भिजला तर पोरांना काय घालू, असं तिचं म्हणणं. मग पोत्यावर प्लास्टिक अंथरायचं ठरलं आणि ती स्वतःच तांब्या भरून घेऊन आली. अख्खी सातवी व्हरांड्याच्या भिंतीला लागून उभी राहिली. तनुजा टोकाला होती. नखं खात होती.

गुरुपादप्पानं पोतं घेतलं, विठाबाईनं स्टुलावर चढून वर तांब्या ठेवला आणि तो चालायला लागला. सांडायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या पावलाला सांडायचं म्हणाला, जमलं नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला. पण पायांना लागलेलं वळण असं एका सकाळी सुटत नाही. तो मनातल्या मनात पायांना शिव्या देत होता आणि पाय आपले शहाण्यासारखे चालत होते. व्हरांडा संपला. विठाबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं. "काठोकाठ," तिनं सांगितलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात अबुजरनं वाजवल्या, आणि त्याला कारणही होतं.

"अजून एकदा," गुरुपादप्पा म्हणाला. "पहिली खेप धरत न्हाईत."

या खेपेला त्यानं पायांवर भरवसा ठेवला नाही. व्हरांड्याच्या मध्यावर आल्यावर त्यानं दात-ओठ खाऊन डावा गुडघा वाकवला, नव्या पोरासारखा. पोतं हिंदकळलं. तांब्या कलंडला, खणखणत खाली गेला, आणि पाणी त्याच्या कपाळावरून, मानेवरून, सदऱ्यात उतरलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मोंढ्यातल्या कुणी पाहिलं नाही, हे त्यानं देवाचे उपकार मानले. लाज वाटली, लई वाटली, पण आतून बरंही वाटलं.

"सांडलं," अबुजर पडल्या आवाजात म्हणाला.

"सांडलं खरं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेन उघडला.

"मॅडम, थांबा."

तनुजा पुढं आली होती. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. "त्यांनी मुद्दाम सांडलं. गुडघा वाकवला त्यांनी, मी बघितलं. आप्पा चालताना असा गुडघा वाकवत न्हाईत."

"तनुजा, गप बस," गुरुपादप्पा पोत्याखालून म्हणाला.

"का गप बसू? उद्या सगळे म्हणतील, तनुजाच्या आप्पाचा तांब्या सांडला." तिला रडू फुटायच्या बेतात होतं, पण तिनं ते अडवलं आणि मॅडमकडे वळली. "माझ्या आप्पांचं पोतं केसभर बी हलत न्हाई मॅडम. उत्तर शून्यच हाय. माझं चुकलं."

मॅडमनी पेन बंद केला. "विठाबाई, तांब्या भरा," त्या म्हणाल्या. "भाऊ, आता खरं चालून दाखवा."

आणि गुरुपादप्पा चालला. सदरा ओला, डोळ्यांत पाणी गेलेलं, समोरचं नीट दिसतही नव्हतं, पण असा तो मोंढ्यातसुद्धा कधी चालला नव्हता. पोरं खाली वाकून, डोळे बारीक करून पोत्याचा काठ न्याहाळत होती. तो काठ रुळावरून सरकल्यासारखा सरळ गेला. व्हरांड्याचं टोक आलं, गुरुपादप्पा वळला, परत आला. मॅडम स्वतः स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तांब्यात पाहिलं.

"वर्ग, गुरुत्वबलाविरुद्ध किती कार्य झालं?"

"शून्य!" चाळीस पोरं ओरडली. हेडमास्तर बटण लावत बाहेर आले.

कालपासून जो शब्द गुरुपादप्पाला सलत होता, तोच ऐकून त्याची छाती फुगली. तो तसाच उभा राहिला, पोतं खाली ठेवायचंही त्याला सुचेना. विठाबाईनं दोनदा हटकलं, तेव्हा कुठं त्यानं ते स्वयंपाकाच्या खोलीत नेऊन टेकवलं. तनुजा मागोमाग आली होती.

"तुझं लातूर गेलं की गं," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"गेलं," तनुजा म्हणाली. तिनं नाक पुसलं, त्याच्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले. "पुढच्या साली जाईन मी. पण आप्पा, माझ्यासाठी पुन्हा असं वाकडं चालायचं न्हाई. सांगून ठेवते."

मुकादम भागवतसुद्धा त्याच्याशी या आवाजात कधी बोलला नव्हता.

"न्हाई चालणार, बाई," गुरुपादप्पा म्हणाला.