सक्करदऱ्याच्या घरातली चूल

थोरल्या लेकीचं लग्न झालं ते १९३१ साल. त्याच वर्षी रुपरावांनी गिरणीतली नोकरी सोडली आणि परगावी गेलेल्या मालकांची घरं भाड्याने देऊन सांभाळायचा धंदा मांडला. पहिलं घर मिळालं सक्करदऱ्याला, वामनराव वकिलांचं. वकील जबलपूरला निघाले होते, भाडेकरूही तयार होता.

पण रुपरावांच्या बायकोची, वच्छलाची, एक रीत होती. घर दुसऱ्याला द्यायच्या आधी तिथे एक वेळचा स्वयंपाक करून पाहायचा. त्या घरातून ती डोळे पुसतच बाहेर आली.

"धूर कोंडून राहिला आत. असं घर कोणाले द्यायचं नाही."

हे घर हातचं गेलं की धंदा पहिल्याच पायरीवर बसणार होता.

वामनराव भडकलेच. "काहून गा रुपराव, भाडेकरू दारात उभा आहे अन् तुले धुराचं पडलं?"

वच्छलाच पदर सावरून पुढे झाली. "वकीलसाहेब, चार भाकरी होईपर्यंत आत बसा. मंग तुम्ही म्हणान तसं."

दुसऱ्याच भाकरीला वकील खोकत अंगणात आले.

"आमच्या घरचीनं पंधरा वर्षं इथंच रांधलं," ते म्हणाले. "एका शब्दानं बोलली नाही."

त्यांनी त्याच दिवशी मिस्त्री बोलावून चुलीवर नवं धुराडं बसवून घेतलं आणि जाताना भावाच्या दोन घरांच्या किल्ल्याही वच्छलाच्या हातात दिल्या. पुढे सोळा घरं झाली. प्रत्येक घरातली चूल आधी तिनेच पेटवली.

वच्छला १९४४ च्या माघात वारली; तोवर तिची ही रीत कधी मोडली नाही.