आणखी एक रोडगा

लेकीला उचलायची समीक्षाला मनाई होती. सिझेरियनच्या टाक्यांपाशी हर्निया झालेला. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन होईस्तोवर जड काही उचलायचं नाही, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दीड वर्षाची गुंजन आता त्या जड वस्तूंत मोडत होती. समीक्षा खाली बसून तिला कवेत घ्यायची, पण गुंजनला उंचावरून जग बघायचं असायचं. ती सुटून आजीकडे पळायची आणि शकुबाईंच्या कडेवरून पुलगावच्या रस्त्यावरच्या गाड्या न्याहाळायची.

नवरा धनंजय पुण्याला कंपनीत. फोनवर आधी विचारायचा, "किती उतरलं?"

घरानं तिचं पथ्य फारच मनावर घेतलं होतं. शकुबाई म्हणजे नको नको म्हणताना वाढणारी बाई. त्यांनी सुनेला वाढणंच सोडलं. तळण काढायचं तर समीक्षा आंघोळीला गेल्यावर. भाताचा वास सुनेला नको, म्हणून स्वतः आधी जेवून घ्यायच्या. मग समीक्षा ओट्यापाशी अर्धी भाकर, पालेभाजी आणि काकडी घेऊन बसायची. उपाशी ती नव्हतीच. तरी हात धुताना जेवल्यासारखं वाटत नसे.

असं करत वजन उतरलं. जेमतेम अर्धा किलो राहिलं. सोमवारी काट्यावर उभं राहायचं आणि तारीख घ्यायची.

पण रविवारी केळझरला शकुबाईंनी नातीसाठी बोललेला नवस होता, रोडग्यांच्या जेवणाचा. गणपतीच्या टेकडीखाली गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. समीक्षा आपला भाकरीचा डबा घेऊन बाजूला बसली. तूप वाढणाऱ्या अनुसयाबाई, शकुबाईंच्या माहेरच्या, तिच्यासमोर थांबल्या.

"तू कोणाची वं? पंगत सोडून इथं काऊन?"

"शकुबाईची सून, मावशी. माह्यं पथ्य हाये."

"म्हंजे पोरीची माय तूच! अन् तूच उपाशी? आम्ही काय फुकटचं गिळाले आलो का? सरक, बस तिथं." त्यांनी रोडगा अंगठ्यानं फोडला, आत तुपाची धार सोडली. "काय वं सुकून राह्यली. घरी कोणी जेव म्हणत नाई का तुले?"

बायका हसल्या. थट्टाच होती ती. समीक्षानं मात्र आपला डबा बंद केला आणि घास घेतला.

"आणखी एक," अनुसयाबाई पुन्हा वाढायला आल्या.

तिनं ताटावर हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला सारला. पुढच्या वेळीही तेच, आणि समीक्षाला हसू आलं. तिसऱ्यांदा हात धरताना तिला कळलं, की तो आपण नको म्हणून धरत नाही. कुणीतरी तो सारावा, म्हणून धरतो. कळूनही तिनं हात धरलाच. समोरून शकुबाई बघत होत्या.

सोमवारी काटा वर गेलेला. डॉक्टर म्हणाले, महिन्यानं या.

बसस्टँडवर गुंजनला कडेवर घेतलेल्या शकुबाई म्हणाल्या, "काल मी पाह्यलं तुले. रोकलं नाई."

"काऊन नाई रोकलं, आई? महिना गेला न माहा."

"हासून राह्यली होती तू. किती दिसानं." मग म्हणाल्या, "मले वाटे, मी समोर बसून जेवलो त तुले मोह होईन."

"एकटीले मोह जास्त होते."

शकुबाईंनी गुंजनला दुसऱ्या कडेवर घेतलं.

संध्याकाळी त्या आपलं ताट घेऊन ओट्यापाशी आल्या. भाकरच होती त्यांच्याही ताटात.

"कडक झाली का वं भाकर?"

"नाई. बरी हाये."

तेवढ्यात आत गुंजन रडत उठली. दोघी एकदमच उठायला गेल्या. मग समीक्षा बसली. शकुबाई हात झटकत आत गेल्या. समीक्षानं मोडलेला घास परत ताटात ठेवला. त्या येईपर्यंत जेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. आत आजीच्या खांद्यावर गुंजनचं रडणं हळूहळू थांबत गेलं. समीक्षा ऐकत राहिली. दोन्ही भाकरी निवत होत्या.