घोंगडीखालची टाकी

या, असे जवळ या. टाळ जरा बाजूला ठेवा, पंख्याखाली सरका. आज देवाची नाही, देवाच्या एका भक्ताची गोष्ट सांगतो. गोड लागेल असं मात्र कबूल करत नाही.

भवानी पेठेत कमलाकरपंत राहतात. शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त. पत्नी शकुंतलाबाई गेल्यावर त्यांनी नेम धरला: रोज कणकेच्या अकरा गोळ्या, प्रत्येक गोळीवर रामनाम, आणि त्या सिद्धेश्वर तलावातल्या माशांना. पुण्य शकुंतलाबाईंच्या नावे. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, तलाव लांब पडला. मासे मात्र घरातच होते. पंत पहाटे, सगळे झोपेत असताना, गोळ्या तिथंच सोडू लागले.

ते मासे सुनेचे, चेतनाचे. दिवाणखान्यातली काचेची टाकी तिनं दोन वर्षं खपून उभी केली होती. वाळूत रुजवलेली झाडं, रिबिनीसारखी लांब पानं, त्यांतून फिरणारे नखाएवढे लाल-निळे टेट्रा. त्या घरात भांड्यांवरसुद्धा सासूचं नाव. टाकी तेवढी चेतनाची. ती पाहून दातांच्या डॉक्टर सुकन्या म्हणाल्या होत्या, "माझ्या नव्या दवाखान्यात अशीच करून द्या. रविवारी येते, नीट बघते, मग ठरवू." लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी तिला काम देणार होतं.

आणि नेमकं तेव्हाच टाकीत निळं-हिरवं शेवाळ आलं. बुळबुळीत, कुबट वासाचं, पानांवर साय धरावी तसं. ती नळीनं ओढून काढायची. दोन दिवसांत परत. नळाला पाणी चार दिवसांआड, तरी स्वतःची आंघोळ दोन तांब्यांत उरकून ती टाकीचं पाणी बदलायची.

"पुढच्या जन्मी मासाच होतो बाबा," तिचा नवरा अनिमेष म्हणायचा. "बायको बघेल तरी माझ्याकडं."

शेवटी माशांच्या दुकानातला धुळाप्पा येऊन बघून गेला. "वैनी, कुणीतरी लई खायला घालतंय की. उरलेलं कुजतंय, त्याच्यावर हे माजतंय. आता तीन दिस टाकी झाका. उजेड न्हाय, दाणा न्हाय. हवेचा पंप तेवढा चालू ठेवा. उपाशी मरत न्हाईत मासं."

चेतनानं सासऱ्यांकडं वळून विचारलं, "आप्पा, तुम्ही काही टाकता का हो?"

"मी? छे गं."

इतकं सहज निघून गेलं तोंडातून. नंतर पंतांनी स्वतःची समजूत घातली: आपण नाम अर्पण करतो, त्याला का खाणं म्हणायचं?

गुरुवारी तिनं टाकीवर काळी घोंगडी टाकली. शुक्रवारी पहाटे पंतांना राहवेना. मुके जीव अंधारात उपाशी आणि आपण पोहे खायचे? शिवाय नेम मोडला तर शकुंतलाबाईंचं काय? त्यांनी घोंगडीचं टोक उचललं, अकरा गोळ्या सोडल्या. शनिवारी बावीस, बिचारे उपाशी म्हणून. रविवारीही बावीस. अंधारात निजलेले मासे कणकेला शिवतसुद्धा नाहीत, हे त्यांना दिसणार कुठून?

दहाला डॉक्टर आल्या. चेतनानं घोंगडी ओढली. आधी वास आला. पाणी ताकासारखं, तळाला फुगून बुरसटलेल्या गोळ्या, आणि वर पोटं उलटी करून सगळे टेट्रा.

"दवाखान्यात पेशंट बसतात हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

चेतनानं एक गोळी काढून बोटांत चुरडली. "कणीक."

"अगं, तुझ्या सासूबाईंसाठी..."

"मी विचारलं होतं, आप्पा."

"नवी टाकी आणू पोरी. मोठी आणू."

"टाकीचं नाही बोलत मी. मी तुम्हाला विचारलं होतं."

तेवढंच. आवाजसुद्धा चढला नाही तिचा. आजही पंतांचं ताट वेळेवर येतं, भाकरी गरम असते, गुडघ्यांच्या तेलाची बाटली उशाशी भरलेली असते. पण ती त्यांना काहीच विचारत नाही. वाढू का, दुखतंय का, कुठं निघालात, काही नाही. पंत दिवसभर तिच्या एका प्रश्नाची वाट बघत बसतात. या वेळी खरं सांगायचं, असं ठरवून.

तुम्ही गेलेल्यांच्या नावानं हात जोडाल, दाणापाणी सोडाल. चांगलंच आहे. एवढंच मागतो, तेव्हा घरात जिवंत असलेल्या त्या चेतनाची आठवण ठेवा.